चावडीवरच्या सात सांजा

रेडिओवर खास गावकऱ्यांसाठी म्हणून जो कार्यक्रम लागायचा, तोच आमच्या गावात सगळ्यात कमी मन लावून ऐकला जायचा. बातम्या ऐकल्या जायच्या, भाव ऐकले जायचे, भजन तर डोळे मिटून ऐकलं जायचं. पण 'गावकरी बंधूंनो' म्हणत कोणी बोलायला लागलं की चावडीवर चिलीम निघायची आणि ज्याच्या त्याच्या गप्पा सुरू व्हायच्या. असं का होत होतं, हे पाहायचं असेल तर नुसत्या आठवणी उगाळून भागत नाही. एक आठवडा घ्यावा आणि एकेक सांज तपासावी. तेच इथं करतो.

आठवडा १९५६ च्या जानेवारीतला. सोमवार १६ तारीख ते रविवार २२ तारीख. तारखा पक्क्या आठवतात त्याचं कारण पुढं येतंच. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती, घराघरांत तिळगूळ उरला होता. पऱ्हाटीची शेवटची वेचणी चालू होती. मी चौथीत होतो.

पवनार हे वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्यानं पाचेक मैलांवर, धाम नदीच्या काठचं गाव. बाहेरच्यांना ते विनोबांमुळं ठाऊक. १९३८ साली ते इथं जमनालाल बजाजांच्या बंगल्यात राहायला आले आणि तिथंच परंधाम आश्रम झाला. १९५१ च्या मार्चात ते पायी निघाले ते भूदानाच्या वाटेला लागले. मी सांगतो त्या जानेवारीतही ते दूर कुठं तरी चालतच होते. आश्रमात मात्र सांजेची प्रार्थना चुकत नसे, आणि त्याच सुमारास गावात चावडीवरचा रेडिओ सुरू होई.

देश स्वतंत्र झाला तेव्हा ऑल इंडिया रेडिओची भारतात फक्त ६ केंद्रं होती : दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ. आमच्या भागाला त्यातलं एकही जवळ नव्हतं. १६ जुलै १९४८ ला नागपूर केंद्र सुरू झालं आणि चाळीसेक मैलांवरून मराठी बोलणं ऐकू यायला लागलं. नागपूर त्या वेळी मध्य प्रदेशाची राजधानी, आणि आम्ही मराठी माणसं हिंदी-मराठी अशा दुभाषी राज्यात.

चावडीवरचा सेट बॅटरीवर चालायचा. वर दोन बांबूंच्या मध्ये तांब्याच्या तारेची जाळी बांधलेली, खाली जमिनीत पुरलेली अर्थिंगची तार. खड्ड्यात मीठ-कोळसा घातलेला. तिथली माती सुकली की आवाजात खरखर वाढे, म्हणून रोज सांजेला तिथं लोटाभर पाणी ओतायचं काम आम्हा पोट्ट्यांकडं. बटण दाबलं की लगेच आवाज येत नसे; आतल्या नळ्या तापेपर्यंत सगळे गप्प. काटा फिरवायचा मान फक्त मास्तरांचा. आता सांजा घेऊ.

सोमवारी दिल्लीहून पंडित नेहरू बोलले. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आदल्या ऑक्टोबरात जाहीर झाला होता. त्यानं विदर्भाचं वेगळं राज्य सुचवलं होतं. त्या रात्री सरकारचा निर्णय रेडिओवरून सांगितला गेला : विदर्भासह महाराष्ट्र, वेगळा गुजरात, आणि मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात. म्हणजे आम्ही कोणत्या राज्यात राहणार, हे आम्हाला चावडीवर बसून एका लाकडी पेटीतून कळलं. कळलं म्हणजे काय, मास्तरांनी फोड करून सांगितलं तेव्हा उमगलं. मग जो गलका झाला! कोणाला वेगळा विदर्भ हवा होता, कोणाला मराठी माणूस सगळा एका जागी हवा होता. मुंबईचं काय, यावर तर मुंबई न पाहिलेली माणसंही तावातावानं बोलली. एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "हे समदं ठीक हाय जी मास्तर, पन आमाले कोन इचारलं?" लोक हसले. पण त्या आठवड्यातलं सगळ्यात नेमकं वाक्य तेच होतं. रेडिओची पहिली ओळख गावाला अशी झाली : तो सांगतो, विचारत नाही.

मंगळवारी भाव. कापसाचे भाव रेडिओवर येत तेव्हा चावडीवर अशी शांतता व्हायची की नदीवरचा धोब्याचा आपटण्याचा आवाज यावा. मला विचाराल तर त्या काळच्या रेडिओचा सगळ्यात चांगला कार्यक्रम हाच. नाट्य नाही, संगीत नाही, लाघव नाही. एक माणूस एकसुरी आवाजात बाजारांची नावं आणि आकडे वाचतो. पण त्यात ऐकणाऱ्याला शहाणा समजलेलं असतं. आकडा तुमच्या हाती दिला, पुढचं तुम्ही बघा. हिंगणघाटला बंडी न्यायची की वर्ध्याला, आज न्यायची की आठ दिवस थांबायचं, हा विचार कास्तकार स्वतः करायचा. पूर्वी भाव अडत्याच्या तोंडून कळायचा. आता अडत्याला तोंडावर म्हणता येऊ लागलं की काल रेडिओवर अमुक सांगितला. भाव त्यानं वाढत नसे, अडत्या आपलीच कारणं पुढं करायचा. पण निदान वाद घालायला एक आकडा हातात असे. चांगल्या कार्यक्रमाची यापेक्षा साधी कसोटी मला तरी माहीत नाही : तो ऐकून माणूस दुसऱ्या दिवशी काय बोलू शकतो?

याच कसोटीवर त्याच सांजेचा ग्रामीण कार्यक्रम लावून पाहू. हे मी एखाद्या केंद्राबद्दल बोलत नाही. त्या काळी जिथं काटा फिरवावा तिथं या कार्यक्रमाचा साचा एकच होता. एक पाटील, एक भोळा गडी, एक चौकस बाई आणि एक सगळं जाणणारा ग्रामसेवक किंवा शिकलेला तरुण. गडी काहीतरी अडाण्यासारखं बोलणार, बाई हसणार, पाटील दटावणार, आणि शिकलेला तरुण शुद्ध भाषेत समजावून सांगणार. शेवटी सगळ्यांना पटणार. मध्ये एक लोकगीत.

यात पहिला दोष भाषेचा. 'मले-तुले' बोलायचं ते नेहमी भोळ्या गड्यानं. ज्ञान यायचं ते पुस्तकी मराठीत. आमच्या गावात तर सगळेच मले-तुले बोलत, पाटीलही आणि कोर्टकचेऱ्या कोळून प्यालेली माणसंही. त्यामुळं ऐकताना आमची गल्लत व्हायची की आपण यातले नक्की कोण. आणि त्या गड्याची बोलीही धड इथली नव्हती. चार जिल्ह्यांची बोली एका हंडीत शिजवावी तशी ती होती. शहरातल्या नटानं रंगवलेली. पोळ्याला आमच्याकडं झडत्या म्हणतात. त्यात गावातल्या बड्या माणसांची, सावकाराची, सरकारचीसुद्धा अशी उडवतात की ज्याची उडवली तोही हसतो. जी बोली एवढी धारदार टिंगल करू शकते, तिला रेडिओवर फक्त टिंगल करून घ्यायला ठेवलं होतं.

दुसरा दोष विषयाचा. १९५३ पासून जपानी पद्धतीच्या भातशेतीची मोहीम देशभर जोरात होती. त्या दिवसांत रेडिओवर तिचं कौतुक पुन्हा पुन्हा व्हायचं. रोपं ओळीत लावा, अंतर इतकं ठेवा. सल्ला खोटा नव्हता. भंडारा-चांद्याकडच्या धानाच्या मुलखात त्याचा उपयोगही झाला असेल. पण आमची जमीन काळी, पीक पऱ्हाटी, जवारी आणि तूर. पवनारच्या कास्तकारानं भाताच्या ओळी मोजून काय करायचं? एका केंद्राचा आवाज ज्या मुलखात जातो तिथल्या सगळ्या जमिनी एकसारख्या नसतात, ही अडचण कार्यक्रम करणाऱ्यांनाही असणारच. तरी कोणी विचारलं असतं तर आम्ही सांगितलं असतं की बोंडातली अळी सांगा, निंदणाला बाया मिळत नाहीत त्याचं काहीतरी सांगा.

इथं नदीपलीकडची एक गोष्ट आठवते. १९५० च्या सुमारास विनोबांनी परंधामात पैशाशिवाय जगण्याचा, कांचनमुक्तीचा, प्रयोग मांडला होता. त्यात बैल न लावता हातानं शेती करायची होती. तिला ते ऋषिशेती म्हणत. गावातल्या शहाण्या कास्तकारांना ती पटली नव्हती. बैलाशिवाय वावर होतं का कधी, असं म्हणत. पण ते नदी ओलांडून जाऊन बघून येत, उभ्या उभ्या वाद घालत, विहिरीवरच्या माणसाला पाणी किती पुरतं ते विचारत. पटली नाही तरी ती शेती गावाच्या बोलण्यात राहिली. रेडिओवरची भातशेती कोणी खोडूनही काढली नाही. तिच्याशी भांडायचं तरी कसं?

बुधवारी चावडी ओस. रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागायची, आणि लंकेची केंद्रं शॉर्टवेव्हवर. चावडीच्या सेटवर ती धड लागत नसत. मालगुजाराच्या वाड्यावरचा सेट मोठा होता. मालगुजारी १९५१ मध्ये गेली, वाडा राहिला आणि रेडिओही राहिला. बाळकृष्ण केसकर १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झाले आणि सिनेमाची गाणी सरकारी रेडिओवरून जवळजवळ हद्दपार झाली. देशाची रुची सुधारावी हा त्यांचा हेतू होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात गीतमाला सुरू झाली आणि अमीन सायानींचा आवाज वाड्यावाड्यांत शिरला. आमच्या गावात सिनेमा पाहिलेली माणसं थोडी, तरी पोट्टे गाण्यांचे क्रमांक पाठ म्हणून दाखवत. केसकरांनी शास्त्रीय गायक-वादकांना मोठा आधार दिला, हे त्यांचं श्रेय आहेच. पण ऐकणाऱ्याला काय आवडावं हे वरून ठरवलं की ऐकणारा उठून दुसऱ्या घरी जातो. बुधवारी आमचं गाव अक्षरशः उठून दुसऱ्या घरी जात होतं.

त्या वाड्याच्या मागच्या अंगणात आणखी एक गोष्ट दिसायची. बाया. चावडीवर बाईनं बसायची रीत नव्हती. पाण्याला जाता-येता जे कानावर पडेल तेवढं त्यांचं. वाड्याच्या मागच्या दारी मात्र माझी माय, आजी, शेजारच्या काक्या शेंगा फोडत बसत आणि भिंतीपलीकडचा रेडिओ ऐकत. ग्रामीण कार्यक्रमात चुलीच्या धुराबद्दल, पोरांच्या आरोग्याबद्दल बायांना उद्देशून कितीदा सांगितलं जायचं. ते सगळं चावडीवरच्या पुरुषांनी ऐकलं आणि विसरून गेले.

गुरुवारी बॅटरी बसली. नवी यायला दोन दिवसही लागत, दोन महिनेही. गावोगावचे सरकारी सेट असेच धूळ खात पडत. या वेळी मास्तर सायकलनं वर्ध्याला जाऊन खटपट करून आले म्हणून एका दिवसावर निभावलं. त्या सांजेला भजनी मंडळ बसलं. मृदंग आला, टाळ आले. चावडीच्या सतरंजीवर दोन प्रकारचे लोक असत : सतरंजीवर बसणारे आणि सतरंजीच्या काठापलीकडं, मातीत बसणारे. पलीकडच्या वाड्यातली माणसं काठाबाहेर. वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर जमनालालजींनी १९२८ मध्येच सगळ्यांना खुलं केलं होतं. आमच्या चावडीच्या सतरंजीपर्यंत ते खुलेपण अठ्ठावीस वर्षांत पोचलं नव्हतं. रेडिओचा आवाज मात्र काठ पाहत नसे. तो दोन्हीकडं सारखाच जायचा. ही त्याची थोरवी मी कमी लेखत नाही. पण आवाज सारखा पोचतो म्हणून बसायची जागा सारखी होत नाही, हेही खरं. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि दिली. तिथं चालत गेलेल्या माणसांना कोणत्याही ग्रामीण कार्यक्रमानं ते शिकवलेलं नव्हतं. त्यांच्यात त्यांची सभा होती, त्यांचं बोलणं होतं, तिथं प्रश्न विचारता येत होते.

शुक्रवारी रेडिओ परत बोलू लागला आणि तुकडोजी महाराजांचं भजन लागलं. खंजिरीचा पहिला ठोका पडला आणि चिलीम खाली ठेवली गेली. महाराज आमच्या वऱ्हाडातले, मोझरीचे. त्यांची 'ग्रामगीता' १९५५ साली आली होती आणि गावागावांत वाचली जात होती. सफाई, व्यसन, एकी, श्रम, म्हणजे ग्रामीण कार्यक्रमाचे सगळे विषय त्यांच्याही भजनात होते. मग ते का ऐकलं जायचं? मला कारण असं दिसतं की महाराज गावाला रागावत होते, पण गावाला हसत नव्हते. आणि ज्यांनी त्यांना समोर बसून ऐकलं होतं, त्यांना रेडिओवरच्या आवाजात तो समोरचा माणूस दिसायचा. रेडिओनं इथं स्वतःचं काही मिसळलं नाही. आवाज जसा होता तसा आणून पोचवला. जिथं जिथं त्यानं एवढंच केलं, तिथं तो थोर वाटला.

शनिवारी रात्री साडेनऊचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम. १९५२ पासून दर शनिवारी देशभरची केंद्रं तो एकाच वेळी लावत. दीड तास शास्त्रीय गाणं. चावडीवर तीनच म्हातारे उरले. मला वाटलं झोपले असतील. पण आमच्या आबाजींनी एका आलापावर मान डोलावली आणि म्हणाले, "हे तं आपल्या काकड्याची चाल हाय." खरंच तशी होती की नव्हती, ते मला आजही सांगता येणार नाही. पण ज्या कार्यक्रमात गावकऱ्याचा उल्लेखही नव्हता, त्यात एका गावकऱ्याला आपलं काहीतरी सापडलं. त्याच्यासाठी सोपं करून ठेवलेल्या कार्यक्रमात त्याला आपलं काही सापडत नव्हतं. सोपं करणं म्हणजे गावापर्यंत पोचणं, हा समज त्या रात्री मला पहिल्यांदा डळमळीत वाटला असावा. तेव्हा शब्द नव्हते एवढंच.

रविवारच्या बातम्यांपर्यंत मुंबई पेटलेली होती. सोमवारच्या घोषणेनंतर त्या आठवड्यात तिथं दंगली झाल्या, पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. बातम्या देणारा आवाज सोमवारी होता तसाच रविवारी होता, संथ आणि स्वच्छ. काही जण त्याला दोष देतात. मी देत नाही. आगीच्या वेळी एक आवाज थंड असावा. चावडीवर त्या रात्री कोणी तावातावानं बोललं नाही. सोमवारी हसत विचारलेला 'आमाले कोन इचारलं' हा प्रश्न मुंबईत रस्त्यावर येऊन कोणीतरी विचारत होतं, आणि त्याची किंमत मोजत होतं.

आता सात सांजांचा हिशेब. भाव, बातम्या, भजन, आणि राष्ट्रीय संगीतसुद्धा, यांनी ऐकणाऱ्याला पुरता माणूस मानलं. ग्रामीण कार्यक्रमानं त्याला शिकवायचं पोर मानलं. पण हा दोष लेखकांच्या हेतूचा नव्हता. त्यातले पुष्कळ जण तळमळीचे असणार. खरी उणीव अशी की त्यांना समोरून 'हूं' ऐकू येत नव्हतं. कीर्तनकाराला लोक पेंगताना दिसतात, तो चाल बदलतो. दंडार करणाऱ्याला हशा आला नाही की तो तिथंच नवी कोटी करतो. स्टुडिओतल्या माणसाला आमची चिलीम दिसत नव्हती.

हे माझं एकट्याचं म्हणणं असतं तर सोडून दिलं असतं. पण त्यानंतर महिन्याभरातच, १९५६ च्या फेब्रुवारीत, पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं एक प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतली १५० गावं. प्रत्येक गावात वीसेक माणसांचं एक मंडळ. आठवड्यातून दोनदा, असे एकूण २० कार्यक्रम. मंडळानं एकत्र बसून ऐकायचं, मग त्यावर चर्चा करायची, आणि आपले प्रश्न आणि मतं केंद्राला लिहून पाठवायची. केंद्रानं त्यांना पुढच्या कार्यक्रमात उत्तर द्यायचं. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पॉल न्यूराथ यांनी त्याची तपासणी केली. त्यांनी मंडळ असलेली गावं आणि मंडळ नसलेली गावं शेजारी ठेवून पाहिली. मंडळं असलेल्या गावांत लोकांची माहिती पुष्कळ वाढली. नुसता रेडिओ असलेल्या आणि मंडळ नसलेल्या गावांत फारसा फरक पडला नाही. म्हणजे पेटी तीच, आवाज तोच. फरक पडला तो उलट बोलायची सोय झाल्यानं.

हे वाचलं तेव्हा मला पवनारची चावडी नव्यानं दिसली. आमचं गाव मठ्ठ नव्हतं आणि रेडिओ वाईट नव्हता. एका बाजूचं तोंड बांधलेलं होतं. १९५९ मध्ये अशी मंडळं देशभर करायचं ठरलं, गावोगाव नेमलीही गेली. पण पुण्याच्या प्रयोगात प्रत्येक प्रश्नामागं जेवढी माणसं आणि जेवढी आस्था होती, तेवढी सगळीकडं पुरवणं कठीणच होतं. पुष्कळ ठिकाणी मंडळ कागदावर राहिलं आणि पेटी चावडीवर.

सेवाग्राम आमच्यापासून काही मैलांवर. तिथं इतकी वर्षं राहिलेले गांधीजी रेडिओच्या केंद्रात आयुष्यात एकदाच गेले, १२ नोव्हेंबर १९४७ ला, दिल्लीत. कुरुक्षेत्राच्या छावणीत अडकलेल्या निर्वासितांकडं त्यांना जाता आलं नव्हतं, म्हणून ते रेडिओवरून त्यांच्याशी बोलले. कोणाशी बोलायचंय, त्यांचं दुःख काय, आणि आपण तिथं का नाही, हे तिन्ही त्यांना ठाऊक होतं. गावासाठी कार्यक्रम करणाऱ्यानं माइकसमोर बसण्याआधी एवढं ठाऊक करून घेतलं तरी पुरे.

आज कास्तकाराच्या खिशात फोन आहे. हवामान, खतं, भाव, योजना, सगळं त्यावर येऊन पडतं. पाठवणाऱ्यांची तळमळ तेव्हासारखीच असेल. पण तो संदेश उघडून कास्तकार पहिल्यांदा भाव बघतो आणि बाकीचं वर सरकवतो, तेव्हा मला ते जुनंच चिन्ह दिसतं. चिलीम निघाली, की समजावं : सांगणाऱ्यानं अजून विचारलेलं नाही.